उताराची माती राखायची तर आधी पाण्याच्या मागे चालायला शिका

आमच्या ओट्यावरच्या कोनाड्यात काचेच्या पाच बाटल्या ओळीने ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर साल. पाचही बाटल्यांतले पाणी एकाच जागेचे, आमच्या शेताच्या खालच्या कोपऱ्यातले, जोराचा पाऊस चालू असताना भरलेले. पहिल्या बाटलीच्या तळाशी दीड सेंटिमीटर गाळ बसला आहे. पाचव्या बाटलीत तो नखाच्या जाडीएवढा आहे. घरी कुणी शेतकरी आला की मी आधी चहा देत नाही, या बाटल्या हातात देते.

मी पारनेर तालुक्यात सत्तावीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. ‘वारा आणि वाहते पाणी यांचे कार्य’ हा धडा किती वेळा घेतला याचा हिशेब नाही. फळ्यावर नदी काढली, घळ काढली, बाण दाखवले. त्याच काळात सासरची अडीच एकर उताराची जमीन डोळ्यांदेखत मुरमाड होत गेली, आणि धडा आपल्याच बांधावर चालू आहे हे मला फार उशिरा कळले. निवृत्तीनंतर त्या जमिनीवर जे केले ते इथे लिहिते आहे. तुमची जमीन माझ्यासारखीच डोंगरपायथ्याची, हलकी, पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाची असेल तर हे जवळपास जसेच्या तसे चालेल. भारी काळ्या जमिनीसाठी किंवा कोकणातल्या भातखाचरांसाठी काही गोष्टी बदलतील.

आधी एकदा निघोजला जाऊन या

हे मी मनापासून सांगते. कुदळ-फावडे हातात घेण्याआधी कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघा. एका काठाला पारनेर तालुका, दुसऱ्या काठाला शिरूर, काठावर मळगंगेचे देऊळ, आणि मधे काळ्या बेसाल्टच्या खडकात रांजणासारखे खोल, गोल खड्डे. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जा. वर येडगावचे धरण आहे, पाणी सुटले की पात्र भरते, म्हणून पावसाळ्यात कडेलाही उभे राहू नका. लहान मुलांचा हात सोडू नका.

तिथे फोटो काढून परत येऊ नका. एखाद्या उथळ खळग्याच्या आतल्या भिंतीवरून हात फिरवा. पाट्यासारखी गुळगुळीत लागेल. मग तळाशी बघा, गोटे दिसतील, बहुतेक गोल झालेले. त्या गोट्यांनीच हे काम केले आहे. पुराच्या पाण्याला खडकात जरा खोलगट जागा मिळाली की तिथे भोवरा होतो. भोवऱ्यात अडकलेला गोटा गरगर फिरतो आणि खडक घासतो, स्वतःही झिजतो. तो झिजून संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. दोन खळग्यांच्या मधली भिंत पातळ होत होत फुटली की त्यांचा एक मोठा खळगा होतो. अशी फुटलेली कड शोधा, हमखास सापडते.

यातून शेतासाठी एकच गोष्ट घ्यायची: नुसते पाणी खडकाचे फारसे काही करत नाही. वेगाने धावणारे आणि हातात दगड-वाळू घेतलेले पाणी खडक कापते. वेग दुप्पट झाला की पाण्याची ताकद चौपट होते, आणि ते ढकलू शकेल अशा सर्वांत मोठ्या दगडाचे वजन, भूगोलाच्या जुन्या नियमाप्रमाणे, चौसष्ट पटींपर्यंत जाते. हा आकडा मी मुलांना पाठ करायला लावत असे. आता वाटते, पाठ करून घेण्यापेक्षा ओढ्यावर न्यायला हवे होते.

घरी मुले असतील तर विटेचे सात-आठ कोनदार तुकडे प्लास्टिकच्या बरणीत अर्ध्या पाण्यासह घाला आणि झाकण लावून पाचशे वेळा हलवायला सांगा. तुकड्यांचे कोपरे जातात, पाणी लाल होते. हीच नदी, आणि बरणीच्या तळाशी बसलेला लाल चिखल हीच माती.

माती किती खोल आहे ते विहिरीत बघा

आपल्या गावातली नवी खोदलेली विहीर किंवा रस्त्यासाठी कापलेला डोंगर याच्यासारखे पुस्तक नाही. खालून वर वाचा. तळाला काळा पाषाण. हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्या वर बहुतेक ठिकाणी मांजऱ्या, म्हणजे कुदळीला दाद देणारा मऊसर खडक. त्याच्या वर मुरूम. आणि सगळ्यात वर, आमच्याकडे तर जेमतेम वीतभर, माती.

मुरमाच्या थरात गोल गोल दगड अडकलेले दिसतात. त्यातला एक नखाने खरवडून बघा, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी सालपटे निघतात. खडकाला उभ्या-आडव्या भेगा असतात. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होते, ते भेगांतून शिरते, खडकातली खनिजे हळूहळू चिकणमातीत बदलते. कोपऱ्यावर पाणी दोन-तीन बाजूंनी लागते, म्हणून कोपरे आधी जातात आणि मधला गाभा गोल उरतो. इथे दगड कुणी घासलेला नाही, जागेवरच कुजला आहे. नदीतला गोल गोटा आणि मुरमातला गोल धोंडा दिसायला भाऊ, पण जन्म वेगळा. हा फरक शाळेत मी कधी नीट समजावून सांगितला नाही, म्हणून इथे सांगते.

या कुजण्याला शतके-सहस्रके लागतात. तुमच्या वीतभर मातीमागे किती पिढ्यांचे पावसाळे आहेत याचा विचार विहिरीच्या काठावर उभे राहून करा, आणि मग पुढचा हिशेब बघा. एका एकरावरून फक्त एक मिलिमीटर माती वाहून गेली, म्हणजे जाड कागदाच्या दोन-तीन घड्यांएवढी, तर ती सुमारे चार घनमीटर भरते. बांधकामाच्या भाषेत जवळजवळ दीड ब्रास, वजनाने पाच टनांच्या आसपास. दीड ब्रास मुरूम विकत घ्यायचा म्हटले तर आपण भाव करतो. माती जाते तेव्हा कुणी पावती देत नाही.

पहिल्या जोराच्या पावसात शेतावर जा

विजा चमकत असतील तर घरात थांबा, ही अट आधी. विजा नसतील तेव्हा छत्री, गमबूट, वीस-पंचवीस काठ्या आणि जुन्या साडीच्या चिंध्या घेऊन निघा. पाऊस थांबल्यावर जाऊन उपयोग नाही.

सर्वांत वरच्या बांधापासून सुरुवात करा. पहिली पाच मिनिटे खाली बसून नुसता थेंब बघा. मोठा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला नऊ मीटरच्या घरात असतो, म्हणजे ताशी तीस किलोमीटरच्या वर, गावातून जाणाऱ्या मोटारसायकलइतका. उघड्या ढेकळावर तो पडला की मातीचे कण चहूकडे उडतात. पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा जमिनीला काटकोनात उभा धरा, दोन-तीन मिनिटांत त्यावर किती उंचीपर्यंत चिखलाचे शिंतोडे येतात बघा. मग तोच पुठ्ठा बांधावरच्या गवतात उभा धरा. तो जवळजवळ कोरा राहतो. माती वाहून जाण्याची सुरुवात ओढ्यात होत नाही, इथे थेंबाखाली होते. उडालेले बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात, वर पापुद्रा धरतो, पाणी मुरायचे थांबते आणि धावायला लागते.

आता त्या पाण्याच्या मागे चाला. आधी ते चादरीसारखे पसरून, रंग नसल्यासारखे सरकते. मग कुठेतरी दोन धारा एकत्र येतात आणि करंगळीएवढी चिर पडते. तिथे चिंधी बांधलेली काठी रोवा. पुढे चिर मनगटाएवढी होते, तिथे दुसरी काठी. जिथे बैलांनी किंवा ट्रॅक्टरने उभे चाक काढले आहे, जिथे पायवाट उतरते, जिथे शेजाऱ्याच्या बांधाची फट आहे, तिथे पाणी जमून येताना दिसेल. पाऊस ओसरेपर्यंत शेतभर काठ्यांचा नकाशा तयार होतो. माझ्या शेतात मी वर्षानुवर्षे खालच्या घळीला दोष देत होते. काठ्यांनी दाखवले की घळीचे पाणी वरच्या बाजूच्या पायवाटेने येत होते, आणि पायवाट आमचीच होती.

एक आकडा लक्षात ठेवा: एका एकरावर एक इंच पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे दहा टँकर. वरच्या बांधाजवळ ते बोटांनी अडवता येते. खाली आल्यावर पोकलेनलाही आवरत नाही.

मोजल्याशिवाय काम सुरू करू नका

दुपारच्या उन्हात शेतात फिरा आणि खुणा शोधा. जुन्या बोरीची, कडुलिंबाची मुळे उघडी पडली आहेत का? खडा मातीच्या इवल्या खांबावर टोपीसारखा बसलेला दिसतो का? खड्याखालची माती वाचली आणि भोवतालची गेली, म्हणून तो उंचावर राहिला. खांबाची उंची म्हणजे त्या पावसाळ्यात गेलेल्या मातीचा अंदाज. वरच्या अंगाला गोटाळ वाढले आहे आणि खालच्या कोपऱ्यात पीक तरारून येते आहे, तर तुमचे खत वर टाकून खाली उगवते आहे.

नेमके मोजायचे असेल तर सहा इंची खिळे आणि सैल बसणारे वॉशर आणा. पेरणी झाली की वरपासून खालपर्यंत दहा-बारा ठिकाणी खिळा रोवा, एक इंच वर ठेवा, वॉशर मातीला टेकू द्या आणि शेजारी ओळखीसाठी काठी लावा. पावसाळा संपल्यावर खिळ्याच्या डोक्यापासून वॉशरपर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. इंचापेक्षा जेवढे जास्त, तेवढी माती तिथून गेली. वॉशर मातीखाली गाडले गेले असेल तर तिथे गाळ बसला. काळी माती ओली असताना फुगते, म्हणून मोजणी दोन्ही वेळा जमीन सुकी असतानाच करा. कुळवणीआधी खिळे आठवणीने उपसा, बैलाच्या खुरात जातात.

पाण्याची बाटली भरण्याची पद्धतही सोपी: तीच जागा, तीच बाटली, जोराचा पाऊस सुरू होऊन दहा मिनिटे झाल्यावर. दोन दिवस हलवू नका.

आणि एक ढेकूळ-परीक्षा. नांगरलेल्या रानातले एक सुके ढेकूळ आणि गवताच्या बांधावरचे एक, लिंबाएवढी दोन, पाण्याने भरलेल्या दोन ग्लासांत जाळीच्या चमच्यावर अलगद ठेवा. रानातले ढेकूळ काही मिनिटांत विरघळल्यासारखे ढासळते. बांधावरचे बराच वेळ घट्ट राहते, कारण मुळांनी आणि कुजलेल्या पालापाचोळ्याने कण एकमेकांना धरलेले असतात. शेणखत घातल्याने माती राखली जाते असे मी सांगते तेव्हा लोकांना ते खताचे गुणगान वाटते. ग्लास दाखवला की पटते.

समपातळीची रेघ: ए-फ्रेम

सगळे काम एका रेघेवर उभे आहे, उताराला आडव्या, समपातळीच्या रेघेवर. डोळ्याला ती दिसत नाही. डोळा फसवतो, डोंगराकडे बघून तर हमखास.

सात-सात फुटांचे दोन सरळ बांबू वरच्या टोकाला घट्ट बांधा, खालची टोके सहा फूट फाकवा आणि मध्यावर चार फुटी आडवा बांबू बांधा. वरच्या गाठीतून दोरी सोडा, तिच्या टोकाला मुठीएवढा दगड, दोरी आडव्या बांबूच्या खाली उतरली पाहिजे. आता चौकट दोन दगडांवर उभी करा आणि दोरी आडव्या बांबूला जिथे लागते तिथे खूण करा. मग पाय अदलाबदल करा, म्हणजे डावा पाय जिथे होता तिथे बरोबर उजवा, आणि दुसरी खूण करा. दोन खुणांचा मध्य हा तुमचा समपातळीचा काटा. तिथे पक्के खाच पाडा. वारा असेल त्या दिवशी हे काम करू नका, दोरी थरथरते.

शेताच्या कडेला पहिला पाय ठेवा, दुसरा पाय वर-खाली सरकवत दोरी खाचेवर आणा, तिथे फक्कीची खूण करा. मग चौकट फिरवून पुढे. खुणा जोडत गेलात की नागमोडी रेघ तयार होते. एखादी खूण फारच बाहेर गेली असेल तर जरा आत घ्या, पण रेघ सरळ करण्याच्या मोहात पडू नका.

उतार किती आहे ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीने काढा. तीस फुटांवर दोन काठ्या उभ्या धरून दोन्हीकडच्या पाण्याची उंची मोजली की फरक कळतो. तीस फुटांत एक फूट म्हणजे तीन टक्क्यांहून थोडा जास्त. आमच्यासारख्या कमी पावसाच्या भागात तीन टक्के उताराला दर शंभर फुटांवर एक बांध, म्हणजे सुमारे तीन फूट खाली उतरलो की पुढचा, असे गणित बसते.

काम माथ्यापासून पायथ्याकडे

वरच्या पडीक भागात, जिथे नांगर चालत नाही, तिथे सलग समतल चर. दोन फूट रुंद, एक फूट खोल, रेघेवर. माती खालच्या बाजूला टाका, पण चराच्या काठाला चिकटवू नका, फूटभर जागा सोडा, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात जाते. असा एक मीटर चर सुमारे १८० लिटर पाणी धरतो. शंभर मीटरच्या चरात एका वेळी अठरा हजार लिटर. मातीच्या ढिगावर लगेच हमाटा किंवा मारवेल अशा चाऱ्याचे बी टाका आणि निदान दोन वर्षे जनावरे सोडू नका. शेजारच्या नगर तालुक्यात हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, आमच्याच तालुक्यात राळेगणसिद्धीने माथ्यापासून पाणी अडवले. दोन्हीकडे जाऊन मी बघितले ते हेच: चर सगळेच खोदतात, गवत राखणारे थोडे असतात.

शेतातला बांध दोन फूट उंच, तळाला सहा फूट, माथ्याला दीड फूट. माती वरच्या अंगाची घ्या. आणि सांडवा. बांधाच्या लांबीत योग्य जागी, माथ्यापेक्षा फूटभर खाली, दगड बसवून पाण्याला जायला वाट.

सांडव्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे. सासूबाईंनी १९७२ च्या दुष्काळात बंडिंगच्या कामावर माती वाहिली होती. आमचा नवा बांध बघायला त्या काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, “पोरी, पाण्याला वाट ठेव. न्हाई ठेवली, तर ते आपली वाट लावतं.” मी वाट ठेवली होती. पण त्या साली जूनमध्ये पाऊस ओढला, आणि एक थेंबही बाहेर जाऊ नये म्हणून ऑगस्टमध्ये मी सांडवा मातीने भरून टाकला. सप्टेंबरच्या एका रात्री परतीचा पाऊस आला. बांध भरला, माथ्यावरून पाणी सांडले, आणि जिथे बांध हाताभर खचलेला होता तिथेच फुटला. सकाळी कमरेएवढी घळ पडलेली होती. खाली माझ्या धाकट्या जावेने कांद्याचे रोप टाकले होते, ते सगळे गाळाखाली. ती काही बोलली नाही, वाफ्याच्या कडेला बसून चिखलातून एकेक काडी वेचत राहिली. ते मला अजून दिसते. अडवलेले पाणी सुटते तेव्हा ते साध्या पावसाचे पाणी राहत नाही, त्याच्यामागे साऱ्या बांधाची उंची असते. सांडवा बुजवू नका, कुणी कितीही सांगितले तरी.

दर पोळ्याच्या आसपास बांधावरून एक फेरी मारा. घुशीची आणि खेकड्यांची बिळे शोधा आणि ओल्या मातीने ठोकून भरा. बोटभर बिळातून बांध जातो.

घळ बांधणे

बहुतेक लोक घळीच्या तोंडाशी, खाली, एक मोठा बांध घालतात. पैसा वाया जातो. घळ खालून वर वाढते. तिच्या डोक्याशी पाणी धबधब्यासारखे पडते, खालची माती कोरते, वरची कड कोसळते, आणि दर वर्षी घळ दोन-चार हात वर सरकते. म्हणून आधी घळीच्या डोक्याच्या वर लहानसा आडवा बांध घालून येणारे पाणी बाजूच्या गवताळ जागेकडे वळवा. डोक्याची उभी कड फावड्याने तासून उतरती करा, तिच्यावर दगड बसवा.

मग अनघड दगडी बांध, वरून खाली एकामागून एक. तळात वीतभर खोल चर घेऊन पहिला थर त्यात बसवा. दोन्ही काठांत दगड हातभर आत शिरले पाहिजेत, नाहीतर पाणी बगलेने जाऊन काठ कापते. मोठे दगड खालच्या अंगाला आणि माथ्यावर, बारीक आत. माथा मधे खोलगट, दोन्ही कडांना उंच, म्हणजे पाणी मधूनच पडेल. ते जिथे पडते तिथे सपाट दगडांचे अंथरूण. उंची तीन फुटांच्या आतच ठेवा. दोन बांधांतले अंतर ठरवायला एवढेच बघा की खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाच्या पातळीत यावा. उतार जास्त असेल तर बांध जवळ जवळ येतात. दगड घळीच्याच तळातून उचलू नका, ते तिथे तळ राखत बसलेले असतात. शेतातले गोटाळ वेचा, दोन कामे होतात.

दगडांच्या फटींतून पाणी जाते म्हणून घाबरू नका. जाऊच द्यायचे आहे. वेग मोडला की ते माती टाकते. आमच्या पहिल्या बांधामागे दोन पावसाळ्यांत गाळ माथ्यापर्यंत आला, आणि मी त्यात तूर टोबली.

बांधाच्या कडेने वाळा लावा. मुळांसकट फुटवे वेगळे करून, वीतभराच्या आत अंतर ठेवून, समपातळीच्या रेघेवर, पहिल्या चांगल्या पावसानंतर. मुळे सरळ खाली दोन-तीन मीटर जातात आणि जून पात्याला गुरे तोंड लावत नाहीत. पहिल्या वर्षी विरळ दिसतो, निराश होऊ नका. तिसऱ्या वर्षी भिंत होते.

बाकी शेतकामात दोनच गोष्टी बदला. तिफण उताराला आडवी, रेघेला धरून चालवा. बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक, आणि महिनाभराने मधे मृत सरी, म्हणजे पाणी मुरायला ओळींमधली रिकामी सरी, काढा. रिकाम्या पट्ट्यात हुलगा किंवा मटकी पसरू द्या, थेंब पानावर मोडतो.

वाऱ्याची बाजू

आमच्या पठारावर वारा खडक कोरत नाही, पण माती नेतो. सुप्याच्या बाजूला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. चैत्र-वैशाखात नांगरून भुसभुशीत झालेल्या रानावरून वावटळ उठते तेव्हा जी धूळ वर जाते तीच सर्वांत सकस, सर्वांत बारीक माती. तिच्याहून जाड कण उड्या मारत जातात आणि प्रत्येक उडीत खाली आपटून आणखी कण उडवतात. या उड्या बहुधा फूटभराच्या आतच असतात. एका काठीला घोट्याएवढ्या, गुडघ्याएवढ्या आणि कमरेएवढ्या उंचीवर ग्रीस लावलेले पत्रे बांधून संध्याकाळी बघा. सर्वांत जास्त वाळू घोट्याजवळच्या पत्र्यावर असते.

म्हणून बाजरीची धसकटे वेचून जाळू नका, उभी राहू द्या. घोट्याएवढे धसकट वाऱ्याला जमिनीवरून उचलते. कुळवणी पावसाच्या तोंडावर करा. पश्चिमेच्या बांधाला शेवरी, गिरिपुष्प, निरगुडी लावा, वारा थोडा आरपार जाईल अशी. भिंतीसारखे गच्च कुंपण वाऱ्याला मागे घुमवते आणि तिथलीच माती उकरते. झाडाच्या उंचीच्या निदान दहापट अंतरापर्यंत आडोसा मिळतो.

गेलेली माती परत आणणे

जी गेली ती बहुतेक जवळच्याच पाझर तलावात बसलेली असते. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे, उन्हाळ्यात तलावातला गाळ शेतकऱ्यांना नेता येतो. आम्ही दोन उन्हाळे नेला. काही काळजी घ्या. वरचा चिकट गाळ घ्या, खालचा मुरूम नको. हलक्या जमिनीवर दोन-तीन इंचांपेक्षा जाड थर एकदम देऊ नका, वरच्या मातीत मिसळून घ्या. आणि बांध, चर, घळ यांचे काम झाल्याशिवाय एकही ट्रॉली आणू नका. आमच्या शेजारच्या एका रानात आधी गाळ पडला, बांध नंतर घालायचे ठरले होते. पहिल्या पावसाने तो गाळ उचलून पुन्हा त्याच तलावात नेऊन टाकला.

गाळ पसरला की खिळे नव्याने रोवायचे आणि वहीत नवे पान सुरू करायचे. यंदा माझे बारा खिळे आहेत. सहाव्या नंबरचा, फुटलेल्या बांधाच्या जागेवरचा, मी सर्वांत आधी मोजते, आणि माझ्या जावेचा मुलगा पट्टी धरतो.